साडेतीन पिल्लांचा हिशेब

घरातली शित्झू किंवा पॉम वर्ष-दीड वर्षाची झाली आणि पुन्हा माजावर आली, की एक विषय हमखास निघतो. ओळखीत कुणाकडे तरी त्याच जातीचा नर असतो. तोंडी हिशेब मांडला जातो: एका पिल्लाला अमुक हजार, पाच पिल्लं झाली तर इतके, त्यातलं एक नरवाल्याला, एक आपल्याला, उरलेल्यांत खर्च निघून वर चार पैसे. शिवाय कुत्री लहान, खाणं मूठभर, जागा कोपऱ्याएवढी. अल्सेशियनची गोष्ट वेगळी, पण एवढ्याशा जिवाचं बाळंतपण ते केवढंसं असणार! या प्रकरणात मला तपासायचा आहे तो हाच समज, कारण घरगुती पैदाशीतल्या बहुतेक चुका त्याच्यापासून सुरू होतात. कुत्रीची चण लहान असली की तिचं विणं अवघड होतं, पिल्लं कमी होतात आणि झालेली पिल्लं जगवायला जास्त राबावं लागतं. खर्च मात्र वजनाच्या मापाने उतरत नाही. तीन किलोच्या कुत्रीचं सिझेरियन तीस किलोच्या कुत्रीच्या दहाव्या हिश्शात होत नाही. भूल, टाके, रात्रीचा डॉक्टर, सगळं तेवढंच लागतं, आणि भूल देणाऱ्याचा हात अधिकच सावध असावा लागतो.

हा लहानपणा आला कुठून? २००७ साली नेथन सटर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिलं, की लहान जातींच्या बहुतेक कुत्र्यांत वाढीशी निगडित असलेल्या आयजीएफ-१ या जनुकाचं एकच विशिष्ट रूप आढळतं. आकार असा मोजक्या जनुकांच्या हातात असल्यामुळे माणसाला तो थोड्या पिढ्यांत हवा तसा कमी करता आला. पॉमेरेनियनचे पूर्वज आजच्याहून बरेच मोठे होते. राणी व्हिक्टोरियाने १८८८ मध्ये फ्लोरेन्सहून लहान चणीचा मार्को आणला आणि इंग्लंडात लहानात लहान पॉमची हौस बळावली. आज अमेरिकी केनेल क्लबच्या निकषात ही जात साधारण दीड ते सव्वातीन किलोत बसते. आपल्याकडे ‘पामेरियन’ म्हणून जे पांढरंशुभ्र, टोकदार तोंडाचं कुत्रं वाड्यांपासून चाळींपर्यंत सगळीकडे पाळलं गेलं, ते बहुतांशी इंडियन स्पिट्झ. ‘हम आपके हैं कौन’मधला टफी याच जातीचा. अंगाने पाच-सात किलोंचं, नाक लांब, आपल्या हवेला सरावलेलं हे कुत्रं मला आजही मध्यमवर्गीय घरासाठी उत्तम वाटतं. पण २००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीतल्या पगने चपट्या तोंडाची मागणी वाढवली, आणि पुढे ‘टॉय’ आणि ‘टीकप’ हे शब्द आले. टीकप ही कुठलीही मान्य जात नाही. वेतातलं सर्वांत अशक्त पिल्लू वेगळं काढून त्याला दुसऱ्या अशक्त पिल्लाशी जुळवत गेलं की जे उरतं, त्याला लावलेलं ते बाजारी नाव आहे.

आई लहान झाली, पण त्याच प्रमाणात पिल्लू लहान होत नाही. तीस किलोच्या जर्मन शेफर्डचं पिल्लू जन्मताना साधारण साडेचारशे ग्रॅमचं, म्हणजे आईच्या वजनाच्या दीड टक्का. तीन किलोच्या पॉमचं पिल्लू सव्वाशे ग्रॅमच्या आसपास, म्हणजे चार टक्के. कटीच्या हाडांमधली वाट अरुंद आणि त्यातून जाणारं डोकं त्या मानाने मोठं. पग, शित्झू, फ्रेंच बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत तर डोकं रुंद आणि गोल. इंग्लंडमध्ये २२,००० हून अधिक वेतांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बोस्टन टेरियर, बुलडॉग आणि फ्रेंच बुलडॉग या तीन जातींत ८० टक्क्यांहून जास्त वेतं सिझेरियनने झालेली आढळली. फ्रेंच बुलडॉग आज मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत दिसतो. त्याची पैदास करायची म्हणजे सिझेरियन हा अपवाद नसून नियम आहे, असं धरूनच पाऊल टाकायला हवं.

लहान जातींत आणखी एक पेच असतो, तो एकुलत्या पिल्लाचा. कुत्रीचे दिवस साधारण ६३. वेणा सुरू होण्याचा इशारा आईकडून येत नाही, तो पिल्लांकडून येतो. दिवस भरले की पोटातल्या पिल्लांच्या शरीरातलं कॉर्टिसॉल वाढतं, त्यामुळे आईचं प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि गर्भाशय आकुंचन पावू लागतं. पिल्लू एकटंच असेल तर हा इशारा पुरेसा जोरकस होत नाही. दिवस उलटतात, जागा आणि पोषण दोन्ही मुबलक असल्याने पिल्लू पोटातच वाढतं, आणि वेणा आल्या तरी ते वाटेत अडतं. म्हणून पंचावन्नाव्या दिवसानंतर एक्स-रे काढून पिल्लांची हाडं मोजून घेणं हा हौसेचा खर्च मानता येत नाही. किती बाहेर यायची आहेत हे ठाऊक नसेल, तर आत एखादं राहिलं आहे हे कसं कळणार? शेवटच्या आठवड्यात दिवसातून दोनदा थर्मामीटर लावायचा. अंगाचं तापमान ९९ अंश फॅरनहाइटच्या खाली उतरलं की साधारण चोवीस तासांत विणं सुरू होतं. जोराच्या कळा अर्धा तास येऊनही पिल्लू येत नसेल, किंवा पहिल्या पिल्लाआधीच हिरवट स्राव दिसला, तर वार सुटू लागली आहे असं समजून त्याच मिनिटाला निघायचं. अशा वेळी ओळखीतल्या ‘अनुभवी’ माणसाने दिलेलं ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन वाट अडलेल्या कुत्रीचं गर्भाशय फाडू शकतं. आणि निघायचं ते कुठे? मोठ्या शहरांत रात्री उघडे असणारे दवाखाने आहेत. तालुक्याच्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गाईचं अडलेलं वासरू सोडवणारे कुशल हात असतात, पण दोन-तीन किलोच्या कुत्रीला भूल देऊन पोट उघडण्याची सोय क्वचितच असते. रात्री दोन वाजता गाठता येईल असा दवाखाना ज्या गावात नाही, तिथे लहान जातीची कुत्री फळवणं म्हणजे तिचा जीव दैवावर सोडणं आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

विणं सुखरूप पार पडलं म्हणजे सुटलो, असंही नाही. पिल्लं एक ते चार आठवड्यांची असताना, म्हणजे दूध सर्वांत जास्त ओढलं जातं त्या काळात, लहान जातीच्या आईचं रक्तातलं कॅल्शियम अचानक ढासळू शकतं. ती अस्वस्थ होते, धापा टाकते, पाय ताठ होतात, अंग थरथरतं, आणि काही तासांत झटके येऊन ती मरू शकते. गाई-म्हशींच्या दुग्धज्वराशी याचं नातं आहे, म्हणून शेतकरी घरातल्या माणसाला हा प्रकार चटकन समजतो. शिरेतून कॅल्शियम हळूहळू दिलं तर ती बहुधा वाचते, पण ते हृदयावर लक्ष ठेवून द्यायचं काम आहे, घरी करायचं नाही. इथे आपल्या सवयीचा एक धोका सांगायलाच हवा. गाभण कुत्रीला ‘ताकद यावी’ म्हणून पहिल्या दिवसापासून कॅल्शियमचं सिरप पाजणारी घरं पुष्कळ आहेत. हेतू मायेचा असतो, परिणाम उलटा होतो. बाहेरून आयतं कॅल्शियम मिळत राहिलं की हाडांतून ते काढून घेण्याची शरीराची यंत्रणा सुस्तावते, आणि दूध सुरू झाल्यावर एकाएकी गरज वाढते तेव्हा ती वेळेवर जागी होत नाही. गाभणपणात हवा तो चांगल्या प्रतीचा आहार, आणि दूध पाजताना नेहमीच्या दोन-तीनपट अन्न. सिरप द्यायचं की नाही हे डॉक्टरांनीच ठरवावं.

आता पिल्लांकडे वळू. सव्वाशे ग्रॅमच्या पिल्लाचं पृष्ठफळ त्याच्या वजनाच्या मानाने प्रचंड असतं, त्यामुळे ऊब झरझर निघून जाते. पहिले दोन आठवडे त्याला स्वतःच्या अंगाची उष्णता राखता येत नाही, थरथरून ऊब निर्माण करणंही जमत नाही. पहिल्या आठवड्यात त्याच्याभोवती २९ ते ३२ अंश सेल्सियसची ऊब लागते. नाशिक-पुण्याची जानेवारीतली रात्र किंवा एसी लावलेली खोली त्याला पुरेशी घातक आहे. गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही, चोखायची ताकद राहत नाही, आणि यकृतातला साखरेचा साठा इतका तुटपुंजा असतो, की काही तासांची उपासमार त्याला निपचित करते. म्हणून घरात ग्रॅम दाखवणारा काटा हवा आणि रोज ठरल्या वेळी वजनाची नोंद हवी. निरोगी पिल्लू सात ते दहा दिवसांत जन्मवजनाच्या दुप्पट होतं. एक दिवस वजन थांबलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची नसते. पहिल्या चोवीस तासांतच चिकातली प्रतिकारद्रव्यं आतड्यातून रक्तात जातात, पुढे ती वाट बंद होते, तेव्हा प्रत्येक पिल्लू सडाला लागलं की नाही हे डोळ्यांनी पाहायचं. आईला दूध आलं नाही किंवा सिझेरियननंतर तिने पिल्लांना जवळ घेतलं नाही, तर दर दोन-तीन तासांनी, रात्रीसुद्धा, पिल्लांसाठीचं दूध पाजायचं आणि ओल्या कापसाने पुसून शी-शू करवायची, कारण आईच्या चाटण्यावाचून त्यांना ती होत नाही. नोकरी करणाऱ्या दोघांच्या घरात हे कोण करणार, याचं उत्तर कुत्री फळवण्याआधी हवं. एवढं करूनही सगळी वाचतात असं नाही. नॉर्वेत ५८,००० हून जास्त पिल्लांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा सर्व जाती मिळून सुमारे ८ टक्के पिल्लं मृत जन्मली किंवा पहिल्या आठवड्यात गेली. हा आकडा केनेल क्लबकडे नोंद करणाऱ्या, म्हणजे काळजी घेणाऱ्या घरांचा आहे.

आता सुरुवातीच्या त्या तोंडी हिशेबाकडे परत येऊ. रुपयांचे आकडे गावागणिक आणि वर्षागणिक बदलतात, म्हणून हिशेब पिल्लांतच करू. नॉर्वेच्याच केनेल क्लबकडच्या १०,८१० वेतांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. अतिविशाल जातींत एका वेताला सरासरी ७.१ पिल्लं होती, अतिलहान जातींत ३.५. समजा, लहान जातीच्या दहा कुत्र्या दहा घरांत व्याल्या. पिल्लं झाली ३५. वरच्या प्रमाणाने तीन गेली, राहिली ३२. नराच्या मालकांना रिवाजाप्रमाणे एकेक दिलं, राहिली २२. प्रत्येक घराने हौसेने एक ठेवलं, तर दहा घरांत मिळून विकायला उरली १२. या बारा पिल्लांच्या किमतीतून दहा घरांनी सोनोग्राफी, एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या, आईचं खाणं, दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लांचे जंताचे डोस, सहा ते आठ आठवड्यांपासूनच्या पार्व्हो-डिस्टेंपरच्या लसी, ओळखीची मायक्रोचिप आणि परवाना एवढं सारं भागवायचं आहे. त्यातल्या दोन-तीन घरांत सिझेरियन झालं आणि एखाद्यात पार्व्हो शिरला, की बारा पिल्लं पुरत नाहीत. ज्या घरांना फायदा झालेला दिसतो, त्यांनी बहुधा यातला काही खर्च टाळलेला असतो, आणि तो टाळलेला खर्च पुढे विकत घेणाऱ्याच्या किंवा पिल्लाच्या अंगावर पडतो.

सर्वांत सहज टाळला जाणारा खर्च म्हणजे फळवण्याआधीच्या तपासणीचा. दिसायला देखणं आणि खेळकर कुत्रं निरोगी असतंच असं नाही. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष सर्रास आढळतो. पशुवैद्य तो हाताने चाचपून ओळखू शकतो, आणि असा दोष असलेली जोडी जुळवू नये हे सर्वमान्य आहे. पॉममध्ये श्वासनलिका चपटी होण्याचा, डॅक्सहुंडमध्ये मणक्याच्या चकतीचा, चिवावामध्ये डोक्यात पाणी साठण्याचा विकार नेहमीचा. पगबद्दल लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये दाखवलं, की श्वासमार्ग कोंडण्याचा विकार त्याला इतर कुत्र्यांच्या ५४ पट आढळतो. कुत्रं धापा टाकून अंग गार करतं, आणि विदर्भातल्या मे महिन्यात ज्याला नीट धापाच टाकता येत नाहीत, अशा जिवाची आणखी पिल्लं का काढावीत, या प्रश्नाचं समाधानकारक उत्तर मला सापडत नाही. शिवाय समागमातून पसरणारे आजार आहेतच. ब्रुसेलोसिसने गर्भ गळतो आणि तो माणसालाही होऊ शकतो. जननेंद्रियांवरची संसर्गजन्य गाठ भारतात पुष्कळ दिसते. नर कुणाचाही असो, त्याची तपासणी मागण्यात संकोच नको. केनेल क्लबचा दाखला वंशावळ सांगतो, तब्येत सांगत नाही.

कायदाही या बाबतीत स्पष्ट आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याखाली केंद्र सरकारने २०१७ मध्ये कुत्र्यांची पैदास आणि विक्री यांविषयी नियम केले. विक्रीसाठी पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, अठरा महिन्यांच्या आत कुत्री फळवायची नाही, आयुष्यात पाचांहून जास्त वेतं घ्यायची नाहीत, आठ वर्षांनंतर थांबायचं, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. यात घरासाठी वेगळी सूट नाही. अंमलबजावणी ढिली आहे हे खरं, पण या नियमांमागे शास्त्र आहे, म्हणून पोलीस न आले तरी ते पाळण्यासारखे आहेत.

यावर काही आक्षेप येतात, त्यांतला सर्वांत हळवा म्हणजे ‘तिला एकदा तरी आई होऊ द्यावं’. त्यामागची माया मी खोटी ठरवत नाही. पण मातृत्वाची ओढ आधीपासून मनात घेऊन कुत्री झुरते, याला आधार नाही. तिची ओढ माजाच्या दिवसांपुरती संप्रेरकांची असते. एका वेताने तब्येत सुधारते असंही नाही. स्वीडनमधल्या विम्याच्या नोंदींत शस्त्रक्रिया न झालेल्या सुमारे एक चतुर्थांश कुत्र्यांना दहा वर्षांच्या आत गर्भाशयात पू होण्याचा आजार झालेला दिसला. त्यावरचा खात्रीचा उपाय गर्भाशय आणि अंडाशय काढणं हाच आहे. दुसरा आक्षेप रोखठोक असतो: रस्त्यावरची कुत्री कुठे डॉक्टरकडे जाते, तिची होतातच ना? ती मध्यम बांध्याची असते, लांब तोंडाची असते, आणि जिला विता येत नाही तिचा वंश तिथेच संपतो. पण त्या ‘होतातच’चा अर्थही पाहायला हवा. पश्चिम बंगालमध्ये १०८ वेतांतल्या ३६४ भटक्या पिल्लांचा मागोवा घेतला, तेव्हा सात महिन्यांची होईपर्यंत जेमतेम १९ टक्के जिवंत राहिली. निसर्गाचा हिशेब घरात लावायचा असेल, तर पाचांतली चार पिल्लं गमावायची तयारी ठेवावी लागेल, आणि तशी तयारी कोणत्याच घराची नसते.

तिसरा आक्षेप मात्र वजनदार आहे. विचारी कुटुंबांनी पैदास थांबवली, तर पिंजऱ्यांत कुत्र्या कोंडून वर्षाला दोन-दोन वेतं काढणाऱ्यांच्याच हातात सगळा बाजार जाईल. माणसांत, मुलांत वाढलेलं पिल्लू मग मिळणार कुठून? हे मला मान्य आहे. घरात वाढलेलं पिल्लू स्वभावाने उजवं ठरण्याची शक्यता जास्त, यालाही आधार आहे. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर यांनी अमेरिकेत वर्षानुवर्षं केलेल्या निरीक्षणांतून १९६५ मध्ये मांडलं, की तिसऱ्या ते बाराव्या आठवड्याचा काळ पिल्लाचं जगाशी नातं ठरवतो. कुकरची शिट्टी, दारावरची बेल, लहान मुलं, पावसाचा आवाज, सगळं त्याच काळात ओळखीचं व्हायला हवं. पण हा युक्तिवाद ज्या घराच्या बाजूने आहे, ते घर म्हणजे तपासण्या करणारं, रात्री जागणारं, आठ आठवडे पिल्लं आईजवळ ठेवणारं घर. पाचव्या आठवड्यात, पिल्लू सर्वांत गोंडस दिसतं म्हणून, ते हातावेगळं करणाऱ्या घराला हे समर्थन लागू पडत नाही. इटलीतल्या २०११ च्या एका अभ्यासात महिना-सव्वा महिन्यात आईपासून तोडलेली पिल्लं मोठेपणी जास्त घाबरट, जास्त भुंकणारी आणि नासधूस करणारी आढळली. दोन महिने आईजवळ राहिलेल्यांत ही लक्षणं कमी होती. तेव्हा पिंजरेवाल्याला पर्याय द्यायचा असेल, तर तो फक्त पत्त्याने वेगळा असून भागत नाही.

‘आम्ही विकत नाही, नातेवाइकांना देतो’ असं म्हणणाऱ्यांचा खर्च टळतो असं नाही, कारण फुकट दिलेल्या पिल्लालाही लस लागते. उलट, नात्यातल्या माणसाला नकोसे प्रश्न विचारता येत नाहीत. दिवसभर घरी कोण असतं, घरमालकाची परवानगी आहे का, मुलांची परीक्षा आली की कुत्रं कुणाकडे, बारा-पंधरा वर्षं निभावणार का, हे विचारणं पिल्लू देणाऱ्याचं काम आहे. ‘नाही जमलं तर आमच्याकडेच परत आणा, दुसरीकडे देऊ नका’ हे वाक्य लेखी द्यायला हवं, आणि ते पाळायला घरात जागा हवी. चार वर्षांनी एक फोन येतो: तुमच्याकडून नेलेली लंगडते, दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या सरकतात, शस्त्रक्रिया सांगितली आहे. त्या दिवशी पैदास करणाऱ्याने वही काढायची, त्या वेतातली बाकीची पिल्लं जिथे गेली त्या घरांना कळवून त्यांचे गुडघे तपासून घ्यायला सांगायचे, नराच्या मालकाला सांगायचं, आणि घरातली आई पुन्हा माजावर आली तरी तिला फळवायचं नाही.